जुन्या मालकाला चुकून दिलेला खंड परत कसा मिळवावा?

जळगाव व धुळे जिल्ह्यांत केळी, कापूस, कांदा या पिकांसाठी दुसऱ्याचे शेत खंडाने करणारे पुष्कळ शेतकरी आहेत. आखाजीला नवे साल धरले जाते व त्या सुमारास पैशांची देवघेव होते. मधल्या काळात शेत विकले गेले असेल, तर खंड सवयीने जुन्या मालकाकडे जातो आणि नवा मालक पुन्हा मागणी करतो. एकाच शेताचा खंड दोनदा भरण्याची पाळी येऊ नये म्हणून कायद्यातील तरतुदी माहीत असणे आवश्यक आहे.

विक्रीची माहिती होती का?

समजा, आपण यावल तालुक्यात तीन एकर शेत केळीसाठी घेतले आणि विक्रीनंतर ४५,००० रुपये खंड जुन्या मालकाला दिला.

अ) विक्री ठाऊक नव्हती : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५० नुसार, ज्याच्याकडून शेत घेतले त्याला सद्भावनेने दिलेला खंड पुन्हा द्यावा लागत नाही. या कलमाखालील उदाहरण शेताचेच आहे. नव्या मालकाने ती रक्कम जुन्या मालकाकडून घ्यावी.

ब) विक्री ठाऊक होती, तरी पैसे चुकून गेले : नव्या मालकाचा खंड द्यावा लागतो. मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे, चुकून मिळालेला पैसा परत करणे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. "तुम्हीच आणून दिलेत" एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही. चूक वस्तुस्थितीची असो वा कायद्याची, हे कलम लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये स्पष्ट केले आहे.

मुदत सांभाळा

मुदत अधिनियम, १९६३ नुसार दाव्याची मुदत तीन वर्षे आहे. चूक लक्षात आली, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर लक्षात आली असती, त्या दिवसापासून ती मोजतात. तोंडी वायद्यावर एकेक आखाजी जाऊ देऊ नये.

काय करावे?

१) सातबारा उतारा, फेरफार नोंद व खरेदीखताची तारीख मिळवावी.
२) खंडाची पावती, पासबुकातील किंवा मोबाइल व्यवहाराची नोंद जपावी. रोख दिले असल्यास साक्षीदारांची नावे लिहून ठेवावीत.
३) रक्कम खात्यावर गेली असल्यास बँकेला त्वरित लेखी कळवावे.
४) रक्कम, तारीख व चुकीचे कारण लिहून पोच मिळेल अशा टपालाने मागणीपत्र पाठवावे. त्याची प्रत नव्या मालकालाही द्यावी.
५) उत्तर न आल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. दाव्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे न्यायालय फी लागत नाही आणि तडजोडीचा निवाडा अंतिम असतो. महिलांना व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी साहाय्य मोफत मिळते.
६) तडजोड न झाल्यास मुदतीत दिवाणी न्यायालयात दावा करावा. आपण कूळ आहात की नाही असा वाद निघाल्यास तेवढा प्रश्न कूळ कायद्याखाली तहसीलदारांकडे जातो.

माती परीक्षणाशिवाय आपण खताची मात्रा ठरवत नाही. त्याचप्रमाणे ताजा सातबारा पाहिल्याशिवाय खंड मोजू नये आणि मोजल्यावर पावती घेतल्याशिवाय उठू नये.