आईच्या मृत्यूचा दावा मुलाला का करता येत नाही?

प्रश्न : मी फ्लोरिडात राहतो, वय ४१. वडील पूर्वीच गेले. गेल्या वर्षी आई शस्त्रक्रियेनंतर वारली. डॉक्टरांचा हलगर्जीपणा झाला असं वाटतं. पण वकील प्रकरण घ्यायलाच तयार नाहीत. असं का?

उत्तर : वकिलांना दोष देऊ नका, अडचण तुमच्या वयाची आहे. फ्लोरिडातल्या १९९०च्या तरतुदीनुसार वैद्यकीय हलगर्जीपणाने आई किंवा वडील दगावले, तर २५ वर्षं पूर्ण केलेल्या मुलांना मानसिक यातनांची भरपाई मागता येत नाही. वडील हयात असते, तर त्यांना मागता आली असती. आणि हाच मृत्यू कुणाच्या बेदरकार मोटारीखाली झाला असता, तर तुमचाही दावा उभा राहिला असता! डॉक्टरांच्या विम्याचे हप्ते आटोक्यात राहावेत, हे याचं समर्थन. मला ते पटत नाही. २०२५ मध्ये विधिमंडळाने ही तरतूद रद्द करणारं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर डिसँटिस यांनी नकाराधिकार वापरला.

उरतो तो आईच्या मालमत्तेच्या वतीने उपचार, अंत्यविधी अशा खर्चाचा दावा. ती रक्कम बहुधा तज्ज्ञ साक्षीदारांच्या फीलाही पुरत नाही. राज्याच्या आरोग्य विभागाकडे डॉक्टरांविरुद्ध तक्रार मात्र तुम्ही करू शकता. त्यासाठी आधी इस्पितळातून आईचे सगळे कागद मागवून घ्या.