गिलाव्याआधी भिंत उघडा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या आळंद-बसवकल्याणकडे लोकांनी दगडमातीच्या भिंतींची धास्ती घेतली. माळवदं उतरली, सिमेंटचे ब्लॉक आले, आणि ब्लॉकचं घर म्हणजे पक्कं घर असं सगळ्यांनी धरून टाकलं. खरं तर किल्लारीकडच्या त्या भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना धरून नव्हते, कोपरे सुटे होते, वर मातीच्या माळवदाचं ओझं होतं. सुटी भिंत ब्लॉकचीही असू शकते, हे मी घर दुरुस्तीला काढलं तेव्हा पाहिलं.

वर मजला चढवायचा बेत होता. बैठकीच्या कोपऱ्यात छतापासून खाली उभी चीर. गवंडी म्हणाला, "मालक, खाच मारून सिमेंट भरतो, वरून गिलावा. कोण बघतंय?" मी म्हटलं, "अण्णा, आधी जुना गिलावा उतरवा." उतरवला, तर दोन भिंती एकमेकींना नुसत्या टेकलेल्या. एकाही थरात ब्लॉक गुंतवलेला नाही. दारावर लिंटेल होतं, पण दारापुरतंच. खिळ्याने खरवडलं की ब्लॉकचा भुगा गळे. इंजिनिअरने ते पाहून मजल्याचा बेत तिथंच मोडीत काढला. माझ्या मते त्याची फी तेवढ्यातच वसूल झाली.

चीर कुठून कुठे जाते ते आधी पाहा. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी गेली असेल तर संशय पायावर घ्यावा. काळ्या मातीत उन्हाळ्यात जमीन आकसते, पावसात फुगते. तिथं भिंतीला कितीही जाळी मारा, चीर परत येते. स्लॅबच्या लगत आडवी असेल तर बहुधा उन्हाने स्लॅब ताणल्याची. चिरेवर काचेची पट्टी दोन्हीकडे पक्की चिकटवून तारीख लिहून ठेवा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. कारण सापडेपर्यंत काम थांबवा.

कोपरा सुटा असेल तर नुसत्या गिलाव्याने भागत नाही. सांधे सुमारे 20 मिलिमीटर खोल खरवडायचे, तारेच्या ब्रशने साफ करायचे, पाणी मारून सिमेंटची स्लरी द्यायची. मग एकास तीनचा खरबरीत पहिला हात, त्यावर वेल्डेड जाळी, मग दुसरा हात. जाळी कोपऱ्यावरून दोन्ही भिंतींवर वळली पाहिजे, आणि खिडक्या-दारांच्या वरून पट्ट्यासारखी घरभर सलग फिरली पाहिजे. जोडाला फूटभर तरी एकावर एक घ्या. आत-बाहेर दोन्हीकडे लावून आरपार तारांनी बांधा. पोकळ ब्लॉकची कड पातळ असते. ठोकलेला खिळा तिथं तग धरत नाही, उलट कड फुटते. कोपऱ्यांतल्या पोकळ्या उघडून त्यांत पायापर्यंत धरलेली सळई सोडून बारीक खडीचं काँक्रीट भरता येतं, पण छताला टेकू दिल्याशिवाय आणि इंजिनिअर समोर नसताना एकही ब्लॉक फोडू देऊ नका. जाळीच्या पट्ट्यांची पद्धत भारतीय मानक 13935 मध्ये दिली आहे. इंजिनिअरला त्याचा आकडा सांगितला तर तो जरा सावरून बोलतो, एवढा फायदा आहेच.

नवे ब्लॉक घ्याल तर ते किती दिवसांचे आहेत ते विचारा. 28 दिवस न झालेला ब्लॉक भिंतीत गेल्यावर आकसतो आणि नवीच चीर देतो. विटांच्या सवयीने गवंडी ब्लॉकही भिजवून ठेवतो, त्याला थांबवा.

"आपल्याकडे कुठला भूकंप?" असं म्हणणारे भेटतील. किल्लारीचा भाग 1993 मध्ये नकाशावर सर्वांत सुरक्षित, झोन 1 मध्ये होता. 2002 मध्ये तो झोन 3 मध्ये गेला. आणि ऑक्टोबर 2021 मध्ये आपल्याच चिंचोळी तालुक्यात, गडिकेश्वर भागात, धक्क्यांनी लोकांना घराबाहेर काढलं.

नळ आणि वायरिंगचे पाइप जाळीच्या आधी टाकून घ्या. नंतर वायरमन कटर लावून आला की तो नेमकी कोपऱ्यातलीच जाळी कापतो.