मत्स्यालयातील दिवा : किती आणि कसा?

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पिण्याच्या पाण्यासाठी ज्या शहराने आगगाडीची वाट पाहिली, तेथील शाळेला मत्स्यालयाचे पाणी वरचेवर बदला, असे सांगणे अवघडच होय. नांदेडला विष्णुपुरी जलाशयाचा आधार असला तरी उन्हाळ्यातील काटकसर तेथेही चुकत नाही. माशांची घाण साठत असल्याने थोडे पाणी नियमित बदलावेच लागते. तथापि, काचा शेवाळून पाणी हिरवे होते आणि सगळेच फेकून द्यावे लागते, तेव्हा दोष पुष्कळदा दिव्याचा असतो.

माशांना स्वतःसाठी फारसा प्रकाश लागत नाही. दिवस कोणता व रात्र कोणती, एवढे त्यांना कळले म्हणजे पुरे. त्यांना पापण्या नसतात. म्हणून काळोखात एकदम दिवा लावल्यास ते बावरतात. प्रथम खोलीतील दिवा लावावा आणि काही वेळाने मत्स्यालयातील. प्रकाशाची खरी गरज असते ती पाणवनस्पतींना. त्यांना पुरून उरलेला प्रकाश आणि न खाल्लेले खाद्य या दोहोंवर शेवाळ पोसते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टाकीत वाळू-खडे घातल्यावर सुमारे ५० लिटर पाणी मावते. साध्या वनस्पतींसाठी दर लिटरमागे १० ते २० ल्युमेन प्रकाश पुरेसा मानतात. म्हणजे ५०० ते १,००० ल्युमेनचा दिवा झाला. ल्युमेनचा आकडा दिव्याच्या वेष्टनावर छापलेला असतो. खरेदी करताना वॅटऐवजी तो पाहावा. रंग ६,५०० केल्व्हिनच्या आसपासचा, दिवसाच्या उजेडासारखा, असावा. जावा फर्न, अनुबियास यांसारख्या वनस्पती मंद उजेडातही तग धरतात. दिवा रोज आठ तासांहून अधिक वेळ लावू नये. खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर आधी टाकीची जागा बदलावी. दिवा कितीही चांगला आणला तरी त्या उन्हापुढे त्याचा उपयोग नाही.

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी झाकणाखाली जुना ६० वॅटचा तापणारा बल्ब ठेवणे म्हणजे माशांचा श्वास कोंडणे होय. दहा वॅटचा एलईडी दिवा जवळजवळ तेवढाच, किंबहुना अधिक, प्रकाश देतो. रोज आठ तासांप्रमाणे त्याला महिन्याला अडीच युनिटही वीज लागत नाही; बल्बला मात्र चौदा युनिटांहून अधिक लागते.

वीज गेल्यास दिव्याची चिंता करू नये. काही तासांच्या अंधाराने मासे दगावत नाहीत; हवेचा पंप बंद पडल्यास मात्र गर्दीच्या टाकीत धोका असतो. शाळेत इन्व्हर्टर असेल, तर त्यावर पंप जोडावा. दिव्याची वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोलापाशी टपकते. टाकीत हात घालण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. काढलेले पाणी शाळेच्या बागेला घालता येते.