नवी ऑपरेटिंग सिस्टिम : घोडे कोठे पेंड खाते?

संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढविताना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पडद्यावर आकडा सरकू लागतो. दहा टक्के, वीस टक्के, तीस टक्के... आणि पस्तिसावर तो असा ठाण मांडून बसतो की यंत्र बंद पडले की काय, अशी शंका यावी. तास-दीड तासाने काम संपते आणि मग कळते की, काल संध्याकाळपर्यंत मुकाट्याने कागद छापणारा प्रिंटर आज ओळखही दाखवीत नाही. असे का होते?

प्रोसेसर, स्मृती, चकती, कळफलक ही साधने कोणी, केव्हा व किती वेळ वापरावयाची हे ठरविणारी मूळ आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. चित्रे काढण्याची किंवा हिशेबाची आज्ञावली चकतीला स्वतः हात लावीत नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करते. म्हणून ही सिस्टिम बदलणे हे राहत्या घराचा पाया बदलण्यासारखे असते.

प्रथम प्रिंटरचे पाहू. बाजारातील एकूण एक प्रिंटरची भाषा एकट्या ऑपरेटिंग सिस्टिमला कोठून येणार? म्हणून प्रत्येक साधनासाठी एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो बहुधा साधन बनविणारी कंपनीच लिहून देते. जुने ड्रायव्हर ३२ बिटांच्या सिस्टिमसाठी लिहिलेले असत. ३२ ठिकाणी ० किंवा १ लिहून किती वेगवेगळे पत्ते तयार होतील? २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. स्मृतीतील प्रत्येक बाइटला एक पत्ता दिला, तर ४ गिगाबाइटला गाडी थांबते. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेली विंडोज ११ मात्र केवळ ६४ बिटांची आहे.

आता अशी कल्पना करा की, पाकिटावर पिनकोडसाठी सहाच चौकटी छापलेल्या आहेत आणि उद्यापासून पिनकोड बारा आकडी झाला. निम्मा पिनकोड कापला जाईल आणि पत्र भलत्याच गावी पोहोचेल. बरेच ड्रायव्हर सिस्टिमच्या अगदी गाभ्यात काम करतात. त्यांनी भलत्या पत्त्यावर काही लिहिले, तर सारा संगणक कोसळतो. १९ जुलै २०२४ रोजी गाभ्यात काम करणाऱ्या एका सुरक्षा-आज्ञावलीला चुकीची माहिती पुरविली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. तेव्हा ६४ बिटांची सिस्टिम ३२ बिटांच्या ड्रायव्हरला दारातच अडविते, ते योग्यच आहे. खेद वाटतो तो याचा की, पुष्कळ कंपन्या जुन्या साधनांसाठी नवा ड्रायव्हर लिहीत नाहीत आणि धडधाकट प्रिंटर अडगळीत जातो.

कधी कधी तर सारा संगणकच नापास ठरतो. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नावनोंदणी करणाऱ्यांसाठी वाढीव मुदतीची सोय ठेवली गेली, एवढेच. विंडोज ११ ला ४ गिगाबाइट स्मृती व ६४ गिगाबाइट जागा पुरते. परंतु तिला टीपीएम २.० ही सोयही लागते. सांकेतिक किल्ल्या इतर आज्ञावल्यांपासून वेगळ्या जपून ठेवणारी ही तिजोरी कधी स्वतंत्र चिपमध्ये असते, तर कधी प्रोसेसरमध्येच. गंमत अशी की, काही संगणकांत ती असते, पण बंद करून ठेवलेली असते. म्हणून संगणक मोडीत काढण्यापूर्वी जाणकाराकडून एवढे तरी तपासून घ्यावे. शिवाय साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर स्वीकारले जात नाहीत. शाळेच्या संगणक कक्षात असे संगणक असतील, तर त्यांवर लिनक्स चढविणे हा चांगला उपाय आहे. केरळमधील शाळांनी तो मार्ग कधीच धरला आहे.

आता राहिले ते अडलेले टक्के. ते कामाचे टक्के असतात, वेळेचे नव्हेत. एक मोठी फाइल चकतीवर सलग वाचता येते. हजारो लहान फाइलींसाठी मात्र वाचकशीर्षाला सारखी धावपळ करावी लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी चकती सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. शीर्ष सरकण्यास ९ धरू. एकूण १३ झाले. अशा एक लाख फाइली असल्या, तर १,३०० सेकंद, म्हणजे जवळजवळ २२ मिनिटे नुसत्या जाण्यायेण्यात जातात! फिरता भाग नसलेल्या एसएसडीत हाच वेळ फाइलीमागे ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास असतो.

आकडा अडला म्हणून मध्येच वीज बंद करू नका. अर्धवट बदललेली सिस्टिम पुन्हा उभी राहीलच असे नाही. आधी आपल्या वह्या, छायाचित्रे, प्रकल्प दुसऱ्या चकतीवर उतरवून घ्या आणि प्रिंटरचा नवा ड्रायव्हर मिळतो का ते पाहा. विंडोज ११ वर गेल्यावर एरवी पहिले दहा दिवस मागे फिरण्याची सोय असते.

जुन्या लॅपटॉपमधील चकती बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. शीर्ष सरकण्यास १२ मिलिसेकंद धरून तिच्यासाठी वरील उदाहरण सोडवा. उत्तर सुमारे २९ मिनिटे यावयास हवे.