उन्हाळी सुट्टी आणि गाणाऱ्या मुलांचा रियाज

एप्रिलच्या अखेरीस सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, शाळांना सुट्ट्या लागतात, परीक्षांची धामधूम आटोपून गायनाचे वर्गही काही काळ बंद होतात, आणि ज्या घरात गाणे शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे तेथे, गुरुजी गावी गेल्यावर या दिवसांत रियाजाचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. त्यालाच लागून पालकांच्या मनात दुसरी, अधिक गंभीर विवंचना असते. ती म्हणजे या विद्येवर उद्या पोट भरेल काय? या दोन प्रश्नांचा परस्परांशी फार निकटचा संबंध आहे असे माझे मत आहे; कारण कोणाचा धाक नाही, परीक्षेची मुदत जवळ नाही, शाबासकी देणारे कोणी समोर नाही, अशा स्थितीत जो विद्यार्थी पहाटे आपण होऊन तानपुरा सुरू करतो, त्याच्याविषयी पालकांना जे कळते, ते कोणत्याही दाखल्यावरून कळत नाही.

सोलापूरहून होटगी-विजापूरमार्गे जो लोहमार्ग जातो त्याच्या दुसऱ्या टोकाला गदग आहे. तेथला अकरा वर्षांचा भीमसेन जोशी 1933 साली गुरूच्या शोधात घर सोडून निघाला, ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत भटकला, आणि जालंधरला विनायकबुवा पटवर्धनांच्या सल्ल्यावरून पुन्हा आपल्याच मुलुखात, कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे रुजू झाला. ती भटकंती कोणी गिरवावी असे मी मुळीच म्हणणार नाही. अनुकरणीय आहे ती पुढची गोष्ट: तोडी, मुलतानी आणि पूरिया एवढ्याच रागांवर त्यांच्याकडून दीर्घकाळ मेहनत करून घेतली गेली. आजच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातले दहा-बारा राग वर्षभरात उरकावे लागतात, तेव्हा एकाच रागात दीर्घकाळ मुक्काम करण्याची संधी त्याला केवळ सुट्टीतच मिळते.

म्हणून सुट्टीत नवे राग घेऊ नयेत, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. पहाटेसाठी भैरव आणि सायंकाळसाठी यमन, गुरुजींनी शिकवलेल्या त्याच बंदिशी, एवढा ऐवज पुरेसा आहे. सोलापूरच्या कोरड्या, धुळीच्या हवेत ऊन चढले की घसा सुकतो, तेव्हा सूर्योदयाच्या आधीचाच काळ रियाजासाठी मुक्रर करावा. प्रथम मंद्र सप्तकातील खर्ज, एकेका स्वरावर श्वास पुरेल तोवर निश्चल थांबून. मग आकारात अलंकार आणि पलटे, आधी विलंबित, आणि लय वाढली तरी स्वर ढळत नाही अशी खातरजमा झाल्यावरच द्रुत. अर्धा-पाऊण तास असा नेटाने झाला तर तो दोन तासांच्या अन्यमनस्क गाण्यापेक्षा श्रेष्ठ होय. भ्रमणध्वनीवरील तानपुरा चालेल. त्याच यंत्रावर स्वतःचे गाणे मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, कारण गाताना न जाणवलेला उतरता निषाद ऐकताना स्पष्ट जाणवतो. गुरुजी नसताना दोष दाखवणारा दुसरा कान तोच.

तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना येथे एक विशेष सूचना करावीशी वाटते. या वयात स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांबतात, आवाज मध्येच फाटतो, आणि घरातली माणसे घाबरून गाणेच थांबवतात किंवा मुलगा जुन्याच पट्टीत ओढून गातो. दोन्ही मार्ग चुकीचे. पट्टी खाली आणावी, तार सप्तकाचा हट्ट सोडावा, दुखले की थांबावे, आणि घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर वैद्यांना दाखवावे.

आता उपजीविकेविषयी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परंपरा विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला काढलेल्या विद्यालयापासून सुरू होते. मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद व अलंकारापर्यंत जातात, आणि दहावीला शास्त्रीय कलेच्या विहित परीक्षांवर वाढीव गुणांचीही तजवीज आहे. पण विशारदाचे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची सनद नव्हे. केवळ मैफिलींवर जगणारे गायक थोडेच. बहुतेकांची मिळकत शिकवणे, शाळा-महाविद्यालयांतील नोकरी, नाट्य-चित्रपटसंगीत, ध्वनिमुद्रण अशा अनेक वाटांनी मिळून होते. आकाशवाणीचे केंद्र सोलापुरातच आहे, तिची स्वरचाचणी उत्तीर्ण झालेल्या कलावंतांना दर्जा मिळतो. पदवीसाठी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीने शिकण्याची सोय आहे, आणि केंद्र शासनाच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या शिष्यवृत्त्यांसाठीही उमेदवारांनी अर्ज करावेत. सामान्य शिक्षण मात्र सोडू नये. गाणे आणि पदवी यांत वैर आहे ही समजूत निराधार आहे.

तेव्हा पालकहो, या मे महिन्यात मुलाला आणखी एका शिबिरात घालण्याची घाई करू नका, आणि दुसऱ्याच्या मुलाने किती परीक्षा दिल्या याची चौकशीही करू नका. पहाटे घरातला दूरदर्शन संच बंद ठेवा, एक खोली त्याला मोकळी करून द्या, आठवड्यातून एकदा शांतपणे समोर बसून ऐका. जूनमध्ये गुरुजी परतले की आधी ते मुद्रण त्यांना ऐकवा, आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही हे त्यांच्याच सल्ल्याने ठरवा.