शेतकऱ्याचे महाभारत

पूर्व समुद्राच्या काठी वसलेल्या ओडिशात जगन्नाथपुरीचे व कोणार्कचे मंदिर पाहण्यास दूरदूरचे यात्रेकरू जातात. दगडांत कोरलेल्या या वैभवाइतकेच थोर असे दुसरे एक वैभव त्या भूमीने ताडपत्रांवर जतन केले आहे. ते म्हणजे आदिकवी सारळादास यांचे ओडिया महाभारत होय.

सारळादास इसवी सनाच्या १५ व्या शतकात होऊन गेले. १४३५ मध्ये सिंहासनावर बसलेला गजपती राजा कपिलेंद्रदेव त्या वेळी राज्य करीत होता. सारळादासांचे घराणे शेतकऱ्याचे. परंपरेप्रमाणे त्यांचे मूळ नाव सिद्धेश्वर परिडा असे होते. परंतु झंकड येथील सारळादेवीवर त्यांची निस्सीम भक्ती असल्यामुळे त्यांनी स्वतःला तिचा दास म्हणविले.

त्या काळी महाभारतासारखे ग्रंथ संस्कृत भाषेत होते. नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला किंवा धान्य कांडणाऱ्या स्त्रीला ते वाचता येत नसत. शूद्र मानलेल्या लोकांना तर शास्त्राध्ययनाचा अधिकारच नाकारलेला होता. अशा वेळी सारळादासांनी स्वतःला अभिमानाने ‘शूद्रमुनी’ म्हणविले आणि लोकांच्या बोलीत अठरा पर्वांचे महाभारत रचले. आपण विद्याहीन आहोत, देवी वदविते तेच आपण लिहितो, असे ते नम्रपणे सांगत.

त्यांनी मूळ ग्रंथाचे केवळ भाषांतर केले नाही. ओडिशाची तीर्थे, तेथील चालीरीती व लोककथा त्यांनी काव्यात आणल्या. व्यासांच्या ग्रंथात नसलेले अनेक प्रसंगही त्यात आहेत. त्यांपैकी नवगुंजराचा प्रसंग फार प्रसिद्ध आहे.

अर्जुन अरण्यात तपश्चर्या करीत असता एक विलक्षण प्राणी त्याच्यासमोर उभा राहिला. त्याचे मस्तक कोंबड्याचे, मान मोराची, वशिंड बैलाचे, कंबर सिंहाची आणि शेपटी म्हणजे जिवंत सर्प! एक पाय हत्तीचा, दुसरा वाघाचा, तिसरा हरणाचा. अर्जुनाने भयाने धनुष्य उचलले. इतक्यात त्या प्राण्याचा चौथा अवयव त्याला दिसला. तो मनुष्याचा हात होता आणि त्यात कमळ होते. हा श्रीकृष्णच, हे ओळखून अर्जुनाने शस्त्र खाली ठेवले व हात जोडले. अनोळखी दिसते ते सारेच वैरी नसते, हा बोध या कथेतून सहज मिळतो. हा प्रसंग पुरीच्या जगन्नाथ मंदिरावर कोरलेला आहे. सावंतवाडीच्या गंजिफांप्रमाणे ओडिशातही हाताने रंगविलेल्या गंजिफा असतात. त्यांवरही नवगुंजर आढळतो.

छापखाना नसताना हे महाकाव्य टिकले कसे? लेखक ताडाच्या पानावर टोकदार लोखंडी लेखणीने अक्षरे कोरीत व त्यांवर काजळी चोळीत. आडवी सरळ रेघ ओढल्यास पान चिरण्याचे भय असे; म्हणून ओडिया अक्षरांचे माथे वाटोळे झाले, असे म्हणतात. दमट हवेने व किडीने पाने जीर्ण होत. जुनी पोथी नष्ट होण्यापूर्वी तिची नवी प्रत केली नाही, तर ग्रंथ कायमचा नाहीसा होई. कित्येक अनामिक हातांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, म्हणूनच सारळादासांची वाणी आजही ऐकू येते.

महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला. सारळादासांनी महाभारताचे दार ओडिया जनतेस उघडून दिले. पुढे २०१४ मध्ये ओडियाला आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला. या मानाचा पाया, लोकभाषेवर विश्वास ठेवणाऱ्या अशा कवींनीच घातला होता.

प्रश्न
१. सारळादासांनी महाभारत लोकांच्या बोलीत का रचले असावे?
२. अर्जुनाने धनुष्य खाली का ठेवले?
३. नवगुंजराचे चित्र काढा व त्याचे वर्णन पाच वाक्यांत लिहा.