अर्धंमुर्धं लॅटिन येणाऱ्यांसाठी

धाकट्या प्लिनीने आपल्या मामाच्या, म्हणजे थोरल्या प्लिनीच्या मृत्यूची हकीकत टॅसिटसला पत्राने कळवली. इ. स. ७९ मधला व्हेसुव्हियसचा उद्रेक त्या पत्रात आहे. असले मजकूर ऑनलाइन चढवताना पटत गेलेल्या या गोष्टी.

१. वाचकाला एकेकाळी लॅटिन येत होतं, असं धरून चाला. विभक्त्या त्याच्या ओळखीच्या असतात, शब्द विसरलेले असतात. त्याला बालवाडीत बसवू नका.

२. भाषांतर द्या, पण झाकून. लोएब मालेत १९१२ पासून डाव्या पानावर लॅटिन आणि उजव्या पानावर इंग्रजी असतं. डोळा उजवीकडे पळतोच. छापील पुस्तकात इलाज नव्हता, पडद्यावर बटण ठेवता येतं.

३. शब्दावर टिचकी मारली की अख्खा कोश अंगावर येऊ नये. 'तुलित' हे 'फेरो'खाली शोधायचं असतं, हे ठाऊक नसेल तर लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा जाडजूड कोश उशाला घेण्यापुरताच. मूळ रूप सांगा आणि या वाक्यात लागू पडणारा एकच अर्थ द्या. 'पर्सिअस'सारखं संकेतस्थळ शब्दाच्या सगळ्या शक्यता पुढ्यात मांडतं, त्यातली नेमकी कोणती हे माणसाने बसून ठरवावं लागतं. काम कंटाळवाणं आहे आणि खरा वेळ तिथेच जातो.

४. दीर्घ स्वरांवर आडव्या रेघा द्याच. 'लिबेर' म्हणजे पुस्तक, 'लीबेर' म्हणजे स्वतंत्र. रेघेविना रोमन लिपीत दोन्ही सारखेच. विद्वानांच्या आवृत्त्यांत रेघा नसतात म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांच्यासाठी रेघा लपवायची सोय ठेवा.

५. शब्दांचा क्रम मात्र बदलू नका. गद्यात उपवाक्यं वेगळ्या ओळींवर, थोडी आत सरकवून मांडली की मुख्य क्रियापद आपोआप नजरेत भरतं. कवितेत तेवढ्याने भागत नाही, कारण विशेषण एका टोकाला आणि नाम दुसऱ्या टोकाला. संस्कृत शिकलेल्यांना अन्वय लावायची सवय असते. चौदाव्या लुईच्या मुलासाठी सतराव्या शतकात निघालेल्या 'डेल्फिन' आवृत्त्यांत कवितेखाली सोप्या लॅटिन गद्यात जवळपास तेच केलेलं असे. मला ही तऱ्हा भाषांतराहून सरस वाटते. वाचक अडला तरी लॅटिनमध्येच राहतो.

६. 'यू' आणि 'व्ही' वेगळे लिहायचे की नाही ते एकदाच ठरवा. शोधताना दोन्ही चालू द्या.

७. मजकूर कुठल्या आवृत्तीवरून घेतला ते वरच लिहा, आणि ताडून पाहा. नेटवर फिरणाऱ्या प्रतींत अक्षरं चुकलेली असतात, आणि कच्चं लॅटिन असलेला वाचक अशा ठिकाणी अडला की दोष स्वतःलाच देतो.